दुसरा शब्द

"पळणे," आई म्हणाली.

"धावणे, दौडणे, धूम ठोकणे, सुसाट सुटणे," बिट्टीने एका दमात सांगून टाकलं.

शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या पालकांच्या माना तिच्याकडे वळल्या. आत प्रवेशाची तोंडी परीक्षा चालू होती. क्रियापदांचे समानार्थी शब्द विचारतायत, ही बातमी बाहेर फुटल्यापासून जो तो आपापल्या लेकराकडून घोकून घ्यायच्या मागे लागला होता. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ मुलाकडून 'बसणे'ला एक शब्द काढता काढता रडकुंडीला आले होते. त्यांना राहवेना.

"कुठल्या क्लासला घातलंय हो हिला?"

"छे हो, कुठल्याच नाही," आई म्हणाली, पण मनातून ती फुलून गेली. ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. दिवसभर माइकसमोर तोंड चालू, पण जीभ कधी अडखळली तर शपथ. लेक आपल्यावरच गेली, असं ती म्हणायची. लहानपणी पोर बोलताना अडखळायची खरी, पण ते कधीच गेलं, असंही छातीठोकपणे सांगायची.

"पडणे."

"कोसळणे, घसरणे, आपटणे, ढासळणे."

"पोहोचणे."

"गाठणे, दाखल होणे, येऊन ठेपणे."

"शाब्बास! हसणे."

बिट्टी थांबली. "खिदळणे."

"अजून?"

"आठवत नाही."

"बरं, रडणे."

"विलाप करणे." बिट्टीने खांदे उडवले. "झालं. एवढंच येतं."

"अगं, मघाशी तर तोंडातून लाह्या फुटत होत्या!"

आई पुढचं क्रियापद शोधायला लागली आणि मध्येच तिच्या लक्षात आलं, धडाधड शब्द आले ते फक्त 'प'च्या क्रियापदांना. ही पोर घरात कधी 'पाणी दे' म्हणत नाही, 'तहान लागली' म्हणते. पेन्सिल हरवली की 'लिहायचं हरवलं' म्हणते. आमची बिट्टी पुस्तकासारखं बोलते, म्हणून आईने ही वाक्यं कौतुकाने सगळ्या डेपोला ऐकवली होती.

ती लेकीच्या कानाशी वाकली. "बिट्टे, 'प' अजून अडतो का गं?"

बिट्टीने बुटाच्या टोकाकडे बघत मान हलवली. "अडतो. यायच्या आधीच कळतं मला. मग मी दुसरा शब्द घेते."

आई तिच्याकडे बघतच राहिली. एवढीशी पोर, भर बोलण्यात पुढचा खड्डा हेरून गाडी अलगद वळवत होती आणि आत बसलेल्यांना हिसकासुद्धा जाणवत नव्हता. सख्ख्या आईलाही नाही. आपण जन्मभर आयत्या चालणाऱ्या जिभेवर मिरवलो, आणि ही रोज प्रत्येक वाक्यासाठी केवढं डोकं चालवते! आईला लेकीचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली. बिट्टी हे लाडाचं नाव. दाखल्यावरचं नाव 'प'पासूनच सुरू होत होतं.

"आत गेल्या गेल्या नाव विचारतील," ती म्हणाली. "बिट्टीच सांग. नाहीतर मी सांगते ना. पालकांना बसू देतात आत."

"नको. नेहमी तूच सांगतेस." बिट्टीने थोडा विचार केला. "आणि नावाला दुसरा शब्द नसतो, आई."

शिपायाने दार उघडून त्यांना आत बोलावलं.

टेबलामागे एक बाई होत्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. आई भिंतीला लागून बसली, बिट्टी टेबलासमोर.

"हं, नाव काय बाळ तुझं?"

बिट्टीने ओठ मिटले. ते उघडेचनात. बाईंनी वाट पाहिली, मग मायेने म्हणाल्या, "घाबरू नकोस हं. घरी काय म्हणतात तुला? तेच सांग, चालेल."

बाईंनी आपण होऊन सुटका करून दिली होती. घे गं, घे, असं आई मनातल्या मनात म्हणत होती. बिट्टीने नकारार्थी मान हलवली.

"प्..."

अडला. बिट्टीची मान ताठ झाली, डोळे गच्च मिटले. "प्... प्..." आईच्या जिभेवर ते नाव केव्हाचं येऊन बसलं होतं. एरवी एव्हाना तिने ते सांगून टाकलं असतं, पत्त्यासकट. आज तिने खालचा ओठ दाताखाली दाबला आणि खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली. बाहेर शाळेची घंटा झाली, वर्ग सुटले, पोरांचा गलका जिन्यावरून खाली उतरून गेला. आणि मग नाव आलं. सबंध आलं, वडिलांच्या नावासह, आडनावासह.

"छान आहे नाव," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. आईचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दार ढकलून दुसऱ्या परीक्षक बाई लगबगीने आत आल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या. "उशीरच झाला बाई मला," त्या पदराने कपाळ टिपत म्हणाल्या. "हं, हिचं नाव काय?"

पहिल्या बाईंनी कागद त्यांच्याकडे सरकवायला घेतला.

"मी सांगते," बिट्टी म्हणाली आणि तिने ओठ मिटले.