पोदुम

ऑफिसमधल्या कोणाला लंडनला न्यायचं हे परवाच तिथून आलेले पीटरसाहेब ठरवणार होते. म्हणून यशने चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या आपल्या खोलीत आठवडाभर खाण्यापिण्यावरचे इंग्रजी वाक्प्रचार घोकले होते. 'पीस ऑफ केक' म्हणजे डाव्या हातचा मळ, 'कप ऑफ टी' म्हणजे आपल्या आवडीचं काम. खोलीतला उपेंद्र ऐकून ऐकून कंटाळला होता.

आज साहेबांनी केळीच्या पानावर जेवायचा हट्ट धरला, आणि यश मेसमध्ये त्यांच्या शेजारी बसला. जेवणात त्याचं लक्षच नव्हतं. घोकलेलं एखादं वाक्य कुठे पेरता येईल, या विचारात तो नुसता चुळबुळत होता. तेवढ्यात वाढपी भात घेऊन आला.

"पुरे, पुरे," यश म्हणाला. वाढप्याने हसून आणखी वाढला.

"अहो, नको, बस." आणखी एक ढीग पडला. चेन्नईतल्या चार वर्षांत त्याचं रोज असंच चालायचं.

साहेबांनी यशच्या पानावर हात आडवा धरला आणि ते वाढप्याला शांतपणे तमिळमध्ये म्हणाले, "पोदुम." वाढपी मान डोलावून पुढच्या पानाकडे गेला.

मग साहेबांनी यशला आपुलकीने विचारलं,

"तूही चेन्नईत नवीनच का?"