तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

दुसऱ्या मजल्यावरच वर्षा घोरपडेचे गुडघे बोलायला लागले. खरं तर तिचे नव्हेत. अंगातल्या, म्हातारपणाचा अनुभव देणाऱ्या सूटने तिला चौथ्या मजल्यावरच्या इनामदार काकूंचे ब्याऐंशी वर्षांचे गुडघे दिले होते. सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीचं प्रशिक्षण हल्ली असंच व्हायचं.

“बास, मॅडम. पास व्हायला एवढं पुरे,” प्रशिक्षक तांबोळी म्हणाले.

“काकू दुसऱ्यावर राहतात का?” वर्षा कठडा धरून चढत राहिली.

तिसऱ्या मजल्यावर, तिच्याच दारासमोर, पाय लटपटले. बसायला काही नव्हतं. काकूंची खुर्ची इथेच असायची. आता तिथे फक्त नोटीस होती: ‘जिन्यात वस्तू ठेवू नयेत.’ खाली वर्षाचीच सही.

तिने नोटीस टरकावली. घरातून एक खुर्ची ओढत आणली, टेकली, आणि तिला उठताच येईना. तांबोळींनी हात देऊन उठवलं. ती पुन्हा आत निघाली.

“अहो, आधी सूट तरी काढा!”

“नाही. ही बुटकी आहे, उंच खुर्ची हवी. माझ्या गुडघ्यांना ते कधीच कळलं नसतं.”