मंगलाष्टकांची वही

"अठराच्या आत लग्न? आमच्या गावात एकही नाही, ताई. शून्य लिहा," सरपंच भानुदासराव म्हणाले आणि साक्षीच्या सहीसाठी त्यांनी कागद निवृत्तीबुवांपुढे सरकवला.

बालविवाहांची माहिती गोळा करायला आलेल्या संस्थेच्या रेश्माताईंनी मघाशीच समजावून सांगितलं होतं. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत सगळे देश एकमेकांना मानवी हक्कांबद्दल जाब विचारतात, आणि गावोगावची ही माहिती तिथवर जाणार होती.

बुवांनी पेन उचललं. तीस वर्षं कीर्तनात ते सांगत आले होते की देवाच्या दारात खोटं उभं राहत नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात नवरीचं नाव गुंफून मंगलाष्टक रचायचा मानही त्यांचाच होता.

पेन तसंच ठेवून ते घरी गेले आणि मंगलाष्टकांची जुनी वही घेऊन आले.

"यातल्या कितीतरी नवऱ्या तेव्हा शाळेच्या गणवेशात माझ्याकडं भजन शिकायला यायच्या. एकेकीचं वय सांगतो, लिहा."

"बुवा, यंदाच्या सप्त्यात तुमचं कीर्तन ठेवायचं का, याचा विचार करावा लागंल," भानुदासराव हळूच म्हणाले. "आणि अष्टकं म्हणणारे तुम्हीच. आधी तुम्हीच अडकाल."

"अडकू द्या. गळा माझाच होता ना."

रेश्माताईंनी नवा कागद घेतला. "मुलींची नावं आम्ही गुप्त ठेवतो, बुवा. पहिली कोण?"

बुवांना वही उघडावी लागली नाही.

"कावेरी. वय तेरा. तिच्या बापाचं नाव मात्र लपवू नका," ते म्हणाले. "ती माझी लेक."