मोहोळाखालचा वाढदिवस

"ताई, गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावा. लेकरू हाय संगं. निघायची घाई झाली तर बरं पडतं."

मोरांच्या अभयारण्याच्या गेटवरचे धोंडीराम हे बोलले, तेव्हा सायली नुसती हसली होती. अख्ख्या मैदानात तिची एकटीची गाडी. मोर बघायला आलेल्याला निघायची कसली घाई? शिवाय रिव्हर्सचा तिला मनस्वी कंटाळा. तिनं गाडी सरळ चिंचेच्या बुंध्याशी नेऊन भिडवली आणि चार वर्षांच्या आरोहीला घेऊन उतरली.

पाऊण तासानं मायलेकी परतल्या, तर मागं तीन पांढऱ्या गाड्या. त्यातली एक तिच्या डिकीला चिकटून आडवी. त्याच गाडीच्या बॉनेटवर वाढदिवसाचा केक. केकपुढं तालुक्याचे पुढारी विजयसिंहभाऊ तलवार घेऊन उभे. कुठली लढाई मारून आले होते देव जाणे; तलवार धरली होती मात्र झाडूसारखी. भोवती पंधरा-वीस कार्यकर्ते मोबाईल उंचावून.

"भाऊ, ही गाडी जरा काढता का? मला निघायचंय."

"वैनी, रील चाललंय. केक खाऊन जावा की," कॅमेऱ्यावरची नजर न हलवता भाऊ म्हणाले.

एकजण फटाक्यांची माळ उलगडत होता. धोंडीराम पळतच आले.

"साहेब, फटाके नगा. वर बघा, आग्या मोहोळ हाय."

"मग मोहोळालाबी केक दे की बे, म्हाताऱ्या!" माळवाला म्हणाला.

भाऊ हसले. मग सगळे हसले. भाऊंच्या आधी कुणी हसलं नाही, एवढी शिस्त होती त्यांच्यात.

माळ पेटली.

सायलीनं आरोहीला उचललं, पण दारापर्यंत पोचेस्तोवर वरून काळा लोट सुटला होता. तलवार टाकून सगळ्यांत आधी पळाले ते भाऊ. बाकीचे मिळेल त्या दारातून स्वतःला कोंबून घेत होते. दोन गाड्या धुरळा उडवत गेल्या. सायलीच्या मागची तिसरी तशीच राहिली, दारं उघडी, इंजिन चालू. तिचा ड्रायव्हरही भाऊंच्या मागोमाग पसार.

धोंडीरामांनी डोईचा रुमाल सोडला, आरोहीला नखशिखांत गुंडाळलं, दोघींना गाडीत ढकलून दार लावलं. तरी उशीर झाला होता. आरोहीचा ओठ टरारून सुजला. श्वासातून शिट्टी वाजू लागली.

"आई, घशात कायतरी बसलंय."

पुढं चिंच, मागं भाऊंची गाडी. सायलीनं हॉर्नवर हात दाबून धरला. कुणासाठी, ते तिलाही कळेना.

मग आरशात तिला धोंडीराम दिसले. बोडक्या डोक्यावर माश्यांचा थर बसलेला. त्यांनी मागच्या गाडीत हात घालून हँडब्रेक सोडला आणि खांदा लावला. गाडी हलली, केकसकट उताराला लागली आणि ओढ्यात जाऊन तोंडावर बसली.

"निघा, ताई! निघा!"

सायली निघाली.

बीडच्या दवाखान्यात आरोहीला वेळेत इंजेक्शन मिळालं. आता ती झोपलीय, आईचं बोट मुठीत धरून. एवढ्यात भाऊंचं रीलही आलं: 'निसर्गाच्या सान्निध्यात साजरा'. त्यातून माश्या कापल्या होत्या. धोंडीरामही.

सायलीनं मोकळ्या हातानं मोबाईलवर त्या अभयारण्याचं पान उघडलं. पर्यटकांनी पर्यटकांसाठी लिहिलेल्या सूचना. कुणीतरी लिहिलं होतं, 'पार्किंग प्रशस्त. फॅमिलीसाठी मस्त स्पॉट.' तिनं खाली लिहायला घेतलं.

'पार्किंग प्रशस्तच आहे, लावणारी माणसं कोती आहेत. त्यातलीच एक मी. माझ्या मागच्या सीटवर जागा होती, तरी माश्यांनी वेढलेल्या धोंडीरामांना "बसा" म्हणाले नाही. गेटवरचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. अँब्युलन्स निघालीय, पण अंतर फार आहे. लेकराला टाकून मला इथून हलता येत नाही. तुम्ही हे वाचताय आणि त्या भागात कुठंही असाल, तर आत्ता जा. गाडी लांब लावा. तोंड, डोकं झाकून घ्या. चिंचेखाली नसतील तर ओढ्याकडं बघा. धोंडीराम म्हणून हाक मारा. ओ देतात का, तेवढं मला कळवा.'