तिघांनी मिळून

शाळेत मी मुलांना गटाने काम करायला शिकवते. माझा नियम एकच: काम तुम्ही कसंही वाटून घ्या, प्रश्न मी कोणालाही विचारणार. ज्याने नुसतं नाव लावलेलं असतं, तो शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो.

आई गेल्यावर मावशी भेटायला आली. दादा डोळे पुसत तिला सांगत होता, "आम्ही तिघांनी मिळून केलं गं आईचं. काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही." धाकट्याने मान डोलावली.

"अशी लेकरं मिळायला भाग्य लागतं," म्हणत मावशीने दोघांच्या पाठीवरून हात फिरवला.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"दादा, शेवटी शेवटी आईला कुठल्या कुशीवर वळवलं की कळ यायची?"

दादाने धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं. धाकट्याने माझ्या.

"तोंडी परीक्षा घेतेस का आमची?" दादा उखडला. "ही काय तुझी शाळा आहे?"

"नाही ना," मी म्हटलं. "शाळा असती, तर राहिलेलं काम करून आणायला तुम्हाला आणखी एक दिवस दिला असता."