खापरीच्या पुढे

बस दिसली तसा लहानू थांब्यावरून उठला आणि मोबाईल मुठीत घट्ट धरून उभा राहिला. कामगारांना बुटीबोरीच्या कारखान्यांकडे नेणारी सकाळची बस. हिच्यातून त्याचा रोशन उतरणार होता. काय बोलायचं ते त्याने वाटेभर घोकलं होतं आणि आता त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. बायकोला सांगून आला नव्हता. पोराला घेऊनच दारात उभं राहायचं होतं त्याला.

लहानूने उभा जन्म शहर बसमध्ये तिकिटं फाडली. जीभ अशी की सुट्टे नसलेला माणूस त्याला पाहून दुसरी बस बघायचा. घरीही ती कंडक्टरकी सुटली नाही. रोशन परीक्षेत पुन्हा आपटला, तेव्हा ताटावर बसलेल्या पोराला तो म्हणाला, "विनातिकीट किती दिवस बसशीन या घरात? उतर खाली." पोरगा उतरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दीक्षाभूमीवरून परतणाऱ्यांनी रस्ते भरलेले असताना, तो त्या गर्दीत मिसळला तो गेलाच. फोन बंद.

पण मेट्रोचं कार्ड त्याच्या खिशात होतं, आणि ते काढताना नंबर दिला होता बापाचा. त्याच सकाळी कार्ड टेकवल्याचा मेसेज लहानूच्या मोबाईलवर आला. इंदोऱ्याच्या स्टेशनात आत, शेवटच्या खापरीला बाहेर. मग रोज येऊ लागले. सकाळी कस्तुरचंद पार्क ते खापरी, संध्याकाळी उलट. पार्काकडे खोली केली असेल, त्याची बायको पार्वतीबाई म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली. पोरगा कामाला लागला होता, धड होता. तेव्हापासून घराला एक नेम लागला. संध्याकाळी मेसेज वाजला की आतून आवाज यायचा, "उतरला का जी पोरगा?" लहानू म्हणायचा, "उतरला." मगच ती आपलं ताट वाढून घ्यायची.

कार्डात पैसे भरायलाही लहानू मोबाईलवर शिकला. बापाशी बोलत नाही, पण बापाचं एवढं तरी घेतो, म्हणून त्याला बरं वाटायचं. कितीदा तो खापरीला जाऊन उभा राहिला. मेसेज यायचा, लोंढा बाहेर पडायचा, चेहरे रुमालात गुंडाळलेले, आणि रोशन काही दिसायचा नाही. मला पाहूनच सटकत असेल, असं म्हणून तो परत फिरायचा. खापरीच्या पुढे बस लागायची आणि बसमध्ये ते कार्ड चालत नव्हतं. पोराचा माग तिथेच तुटायचा.

मेट्रोचं कार्ड बसलाही लावायची खटपट सुरू झाली तेव्हा जुन्या कंडक्टरांनी नाकं मुरडली. यंत्राला जन्मभर शिव्या घालणारा लहानू मात्र डेपोत जाऊन विचारायचा, "कवा चालू होते गा ते मशीन?" सोबती हसायचे. शेवटी चालू झालं, आणि काल पहिल्यांदा खापरीच्या पुढचा मेसेज आला. बुटीबोरीचा हाच थांबा. स्टेशनातून पोरगा सटकेल, बसच्या दारातून कसा सटकेल? तिथे एकेकालाच उतरावं लागतं, हे लहानूला कोणी शिकवायला नको होतं.

बस थांबली. माणसं डबे सावरत दाराशी कार्ड टेकवू लागली. एक उतरला, दुसरा उतरला. लहानूच्या मुठीत मोबाईल थरथरला. त्याने मान वर केली.

पायरीवर एक बाई होती. तोंडाला ओढणी, हातात कार्ड.

लहानूच्या काळजात लख्ख उजेड पडला. सून! पोराने लग्न केलं आणि घाबरून सांगितलं नाही, एवढंच ना? मोठा गुन्हा केला की काय? तो जवळजवळ धावलाच.

"बाई, रोशनची कोण वं तू?"

"कोन रोशन जी?"

"हे कार्ड त्याचं आहे. माझ्या पोराचं."

बाईने ओढणी खाली केली. ती घाबरली होती. "चोरलं नाही जी, काका. मोनाली म्हणतात मले, इथं शिलाईवर आहो मी. कामाचा पयला दिवस होता, खापरीले उतरली अन् पाहतो तं पर्स गेली. रडून राहिली होती. एका पोरानं हे हातात देलं."

"कवा?"

"दसऱ्याचा दुसरा दिवस. दीक्षाभूमीची गर्दी होती ना."

"काय म्हणला तो?"

"म्हणला, ठेव ताई, मले आता कुठीच जायचं नाही. अन् पायीच गेला, रेल्वेच्या रुळाकडं." तिने कार्ड पुढे केलं. "तवापासून याच्यातले पैसे सरतच नाही, काका. मले वाटे, कोण एवढं भरून राहिला?"

पहिला मेसेज तेवढा रोशनचा होता. बाकीचे सगळे हिचे.

लहानूने कार्ड हातात घेतलं, अंगठ्याने पुसलं आणि तिच्याच हातात परत ठेवलं.

"राहू दे तुझ्यापाशी. फक्त संध्याकाळी टेकवाले विसरू नको वं."

"काहून जी?"

तो परतीच्या बसकडे वळला.

परतताना तो खापरीला उतरला आणि ऊन कलेपर्यंत रुळांच्या कडेने चालत राहिला. गवत होतं, गिट्टी होती. इतक्या दिवसांनी तिथे दुसरं काय असणार? आपणच त्याला उतरवलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी तो घराच्या उंबऱ्यावर बसला होता. आत भाकरीचा वास सुटला होता. मोबाईल वाजला.

"उतरला का जी पोरगा?" पार्वतीबाईने आतून विचारलं.

लहानूने मेसेज उघडला नाही.

"उतरला," तो म्हणाला. "तू जेवून घे वं."