सुकन्याची नोकरी

फ्लेक्सवरची सुकन्या खऱ्या सुकन्यापेक्षा बरीच गोरी होती. जयमालाच्या डोळ्यांत आधी तेच सललं. मग तिने मजकूर वाचला. ‘जिद्दीला सलाम! संसार सांभाळून पदवी, पदवीनंतर लगेच नोकरी! सौ. सुकन्या संदीप यांचे हार्दिक अभिनंदन.’ खाली संगमनेरच्या त्या खासगी कॉलेजचा फोन नंबर.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लागतो तेवढा मोठा फ्लेक्स, आणि तोही बरोबर दूध केंद्रासमोर. जयमाला याच केंद्रावर कामाला होती. सकाळ-संध्याकाळ दुधाचं सॅम्पल घ्यायचं, फॅटच्या मशीनला लावायचं, पावती द्यायची. बारा वर्षं हेच. धाकटी जाऊ वर झळकतेय आणि आपण खाली दुधाच्या वासात, हे काही तिला पचेना.

दूध घालायला येणारा जो तो म्हणायचा, “जाऊ साहेब झाली की तुमची.” जयमाला हसायची आणि सॅम्पलची बाटली जरा जोरातच ठेवायची.

घरचं तर विचारूच नका. सुकन्या रोज इस्त्रीची साडी नेसून, गळ्यात कार्ड अडकवून संगमनेरची एसटी धरायची. निघताना सासू, मालनबाई, तिच्या हातात चहाचा कप आणून द्यायची. जयमालाला तो मान कधीच मिळाला नव्हता. ती पहाटे केंद्रावर निघायची तेव्हा सासूबाई घोरत असायच्या. एका कपभर चहासाठी जयमाला जळत होती, आणि अगदी मनापासून जळत होती.

“काय काम असतं गं तिथं?” तिने एकदा विचारलं.

“बसायचं. येईल त्याच्याशी बोलायचं.”

“पंख्याखाली?”

“एसी आहे, अक्का.”

कालपरवापर्यंत हीच ‘हाय’ म्हणायची. आता ‘आहे’.

मग सुकन्या रविवारी केंद्रावर यायला लागली. सुटीचं घरात करमत नाही म्हणायची. मशीन कसं लावायचं, पाणी घातलेलं दूध कसं ओळखायचं, सगळं खोदून खोदून विचारायची. बाईसाहेब आपली गंमत बघायला येतात, असं जयमालाने धरलं आणि तिनेही हिसका दाखवला. बाटल्या धुवायला लावल्या. आकडे पुन्हा पुन्हा वाचायला लावले. चार माणसांत चुका काढल्या. सुकन्या निमूट ऐकून घ्यायची. जयमालाला ते रविवार फार गोड लागले.

पण सोमवारी पुन्हा ती साडी, ते कार्ड, तो चहा.

शेवटी तिने लाज गुंडाळून ठेवली. “मला जमंल का गं तुझ्यावानी?”

सुकन्या भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली. “न जमायला काय झालं? बारावी झालेली आहे तुमची. पण वर्ग रोज असतात. केंद्र सोडावं लागेल.”

“आन् ते कसं सोडू? म्होरल्या महिन्यात संस्था कायम करनार हाय मला.”

“मग राहू द्या, अक्का. सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

हे मात्र जिव्हारी लागलं. नवरा, आदिनाथ, म्हणाला, डोकं फिरलं का तुझं? ती म्हणाली, “तुमच्या भावाची बायको साहेब, आन् तुमची बायको बाटल्याच धुनार व्हय?” त्याच आठवड्यात तिने फ्लेक्सवरच्या कॉलेजची फी भरली.

दूध संस्थेचे चेअरमन वाल्मिकभाऊ यांनी राजीनामा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“ईचार केलाय न्हवं? माघारी जागा मिळायची न्हाई, बाई.”

“केलाय.”

“घरात सांगितलं? सुकन्याला?”

“तिनंच तर वाट दावली.”

वाल्मिकभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तिनंच?”

“व्हय.”

“मग म्या काय बोलावं? तुमचं तुमी घरात ठरवलं असंल.” त्यांनी सही केली.

कॉलेजचा पहिला दिवस झकास गेला. मॅडमनी सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हटलं. कार्ड लगेच मिळालं, त्यावरचा फोटोही बरा आला होता. सकाळी सासूने चहा काही हातात दिला नव्हता, पण आज ना उद्या देईल. संध्याकाळी एसटीतून उतरली तेव्हा केंद्रावर दुधाची गर्दी होती. सरळ घरी जाता आलं असतं. पण मग बघितलं कोणी असतं? तिने कार्ड पदरावर नीट बाहेर काढलं आणि केंद्राकडे वळली.

मशीनपाशी सुकन्या होती. अंगावर साधी सुती साडी, हातात सॅम्पलची बाटली. एकेकाला फॅट सांगून ती भराभर पावत्या देत होती.

“आज तर सोमवार,” जयमाला म्हणाली. “रजा टाकली का गं?”

सुकन्याने पुढची बाटली मशीनला लावली.

“रजा कसली?” आतून वाल्मिकभाऊ म्हणाले. “आजपास्नं हितंच कामाला. तुमास्नी म्हाईतच असंल की. त्यो फ्लेक्स आन् ते कार्ड निस्तं दाखवायला, नोकरी न्हवतीच. डिग्री घिऊन रोज सारं संगमनेर पालथं घातलं पोरीनं, पन कुनी दारात उभं केलं न्हाई. मागल्या दिवाळीपास्नं माझ्या मागं हुती, अक्काची जागा तेवढी मला द्या म्हनून. मी म्हनलं, त्या आपनहून उठल्याबिगर न्हाई.”